शोभाताईंच्या हॉलमधले जावईबापू

चार माणसं रोज एका खोलीत घाम गाळायला लागली की किस्से साचतातच. आमच्या गावात पाणी काय साचत नाही, पण किस्से बघा, ठेवायला भांडी पुरत नाहीत! कुणी नुसतं "शोभाताई" म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधला माणूस हातातलं काम बाजूला ठेवून सुरू होतो. मी तर होतेच होते. चहा ठेवलाय, तो उकळेपर्यंत ऐका. नाही उकळला तर अजून ऐका.

हे सगळं त्या दुष्काळाच्या वर्षांतलं. हर्सूलचा तलाव आटून त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. आणि आमच्या आजूबाजूला मात्र बिल्डिंगवर बिल्डिंग उठत होती, प्रत्येकीच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात 'चोवीस तास पाणी'! आमच्या नळाला आठवड्यातून एकदा यायचं. ते पण त्याची मर्जी झाली तर.

शोभाताई साळवे दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या समोरच्या दारात. त्यांचे मिस्टर भास्करराव, म्हणजे आमचे भाऊजी, चितेगावच्या एका कंपनीत फोरमन होते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लेक पुण्याला, ती म्हणाली माझी घ्या. भाऊजी म्हणाले, "लेकीची मी घेणार नाय. विषय संपला." राहिल्या शोभाताई. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, आणि मग डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं.

"ताई, एवढ्या वजनावर आम्ही किडनी काढत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच जिवाला धोका. वजन उतरवा, मग या."

शोभाताई घरी आल्या. पर्स ठेवली, टीव्हीसमोरचा टीपॉय उचलून गॅलरीत नेऊन टाकला आणि लेकीला फोन लावला, "तुमच्या त्या जिममध्ये घरी करायचं काय असतं, ते पाठव मला. सगळ्यात अवघड असंल ते."

मी तेव्हा दारातच उभी होते. मला वाटलं, बाई रागात आहे, उद्या विसरेल.

*

लेकीनं पेन ड्राइव्ह पाठवला. टीव्हीला लावला तर त्यातून एक परदेशी गडी बाहेर आला. दंड माझ्या मांडीएवढे, दात पांढरेशुभ्र, आणि बोलणं इतकं गोड की विचारू नका. आपण मरायला टेकलो की हा हसून 'व्हेरी गुड' म्हणणार! आम्ही त्याचं नाव ठेवलं जावईबापू. रोज सकाळी हॉलमध्ये हजर, आणि त्याला नाही म्हणायची कुणाची टाप नाही, मग दुसरं काय म्हणायचं?

एकटीला लाज वाटते म्हणून शोभाताईंनी सोबतीला मला आणि तळमजल्यावरच्या नज्माभाभींना बोलावलं. सोफ्यावर भाऊजी. कंपनीत फॉरेनचे इंजिनियर यायचे, त्यामुळं इंग्रजी त्यांना चांगलं समजायचं. जावईबापू उड्या मारता मारता लांबलचक भाषण द्यायचे. आम्ही धापा टाकत विचारायचो, "भाऊजी, काय म्हणतोय हा?"

भाऊजी शांतपणे सांगायचे, "काय नाय. उठा म्हणतोय."

आणि प्रत्येक प्रकार संपला, आपण सुटलो असं वाटलं, की जावईबापू एक बोट वर करायचे. वन मोर! उड्या मोजायचं काम भाऊजींचं, लगेच सोफ्यावरून त्यांचं पण बोट वर. "अजून एक!"

"आग लागो तुमच्या त्या अजून एकला!" असं शोभाताई ओरडायच्या. पण ओरडून झालं की मारायच्या हं! आधी शिवी, मग उडी. एकदाही चुकवली नाही.

पहिल्या दिवशी तास संपला तेव्हा नज्माभाभी फरशीवर आडव्या. मी हात दिला तर म्हणाल्या, "रेखा, मेरे कू घर नको ले जाव. यहींच पड़ी रहने दो." मग ओढणीनं तोंड पुसलं, ओढणी पिळली, आणि त्या धारेकडं बघत बसल्या. "इत्ता पानी हमारे अंदर था, तो टैंकर कायकू बुला रे थे जी लोगां?"

*

पाण्यावरून आठवलं. भाऊजींना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं. दिवसाला एक छोटा तांब्या, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. मे महिन्यात आमच्याकडं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. ते फुलपात्रात घोटभर घेऊन ओठ ओले करायचे आणि ठेवून द्यायचे. फारच झालं तर बर्फाचा खडा तोंडात धरायचे.

आणि आम्ही? व्यायाम झाला की आम्ही तिघी त्यांच्या डोळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायचो! आमच्या ध्यानातच आलं नाही. शोभाताईंच्या आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बाटली घेऊन मोरीत जायच्या, दार लावून प्यायच्या. मग आम्ही पण एकेक करून मोरीत. पाण्यासाठी अशी लपाछपी मी आयुष्यात केली नव्हती.

तीन-चार दिवसांनी भाऊजींनी मोरीच्या दारावर टकटक केली. "शोभा, बाहेर ये. इथं माझ्यासमोर पी. बघून तरी गार वाटतं मला."

वर आम्हालाच चिडवायचे. "अहो, गावाला आठवड्यातून एकदा पाणी, मला रोज! सगळ्यात श्रीमंत मीच हाय इथं!"

*

कुलकर्णी काका बरोबर शोभाताईंच्या खाली, पहिल्या मजल्यावर. पंचायत समितीतून रिटायर झालेले. सकाळी त्यांची पूजा आणि वर आमच्या उड्या, वेळ एकच. काकांनी दोन-चार दिवस सोसलं, मग आले तावातावानं वर.

"अहो, काय चाललंय काय? पंखा हलतोय, देव हलताहेत! समई तेवढी पडायची राहिलीय!"

शोभाताई घामानं निथळत होत्या, धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटेना. भाऊजींनीच सोफ्यावरून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ह्या उड्या कशासाठी चालल्यात, सगळं. काका ऐकत उभे राहिले. मग खाली निघून गेले.

आम्हाला वाटलं, आता सोसायटीची मीटिंग लागणार. कसली मीटिंग नि काय! देवघर आतल्या खोलीत हलवलं, एवढंच काकूंकडून कळलं.

पुढं एकदा शोभाताईंना ताप आला. अंगात त्राण नव्हतं, त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही. जरा वेळानं दारावर थाप. मी जाऊन उघडलं तर काका! हातात ताम्हण तसंच, चेहरा उतरलेला.

"आज पंखा हलला नाही," काका म्हणाले. "सगळं ठीक आहे ना?"

*

वैजापूरच्या आक्कांचा किस्सा सांगितला नाही तर आमची बिल्डिंग मला माफ करणार नाही. आक्का म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. भावावर जीव फार, पण शुगरमुळं त्यांची किडनी काही कामाची नव्हती. म्हणून त्या येताना दर वेळी कांदे आणायच्या. दुसरं काय देणार, असं स्वतःच म्हणायच्या.

एका सकाळी न सांगता आल्या. आत आमचा प्लँक चाललेला. प्लँक म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ धरून राहायचं. जरा वेळानं सगळं अंग थरथरायला लागतं. मी आणि नज्माभाभी केव्हाच पडलो होतो. शोभाताई तेवढ्या टिकून. अंगात लेकीची जुनी ट्रॅक पँट, चेहरा लालबुंद, डोळे ताठ, आणि नखशिखांत थरथर!

आक्कांनी दारातून हे बघितलं. "अगं बया! फेफरं आलं गं हिला!"

पिशवी टाकली, त्यातला एक कांदा काढला, फरशीवर ठेवून बुक्कीनं फोडला आणि सरळ शोभाताईंच्या नाकाला लावला! आम्हाला हसू इतकं आलं की सांगता येईना. भाऊजी सोफ्यावरून हात हलवत म्हणतायत, "आक्का, अगं तसं नाय, व्यायाम हाय तो!" पण ऐकतंय कोण? आक्का कांदा दाबतायत, टीव्हीत जावईबापू 'व्हेरी गुड' म्हणतायत.

आणि शोभाताई हलल्या नाहीत! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, ओठांत आकडे चालू, पण कोपर जागचं सुटलं नाही. वेळ पुरी झाली, जावईबापूंनी सोडलं, तेव्हा खाली टेकल्या. पदर नव्हता म्हणून टी-शर्टनंच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आक्का, कधी आलात? बसा, चहा ठेवते."

आक्कांना नंतर आम्ही दहा वेळा समजावलं. त्यांनी मान डोलवली, पण पटलं काही नाही. जाताना मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझा भाऊ वाचतोय बघ. ही बाई फेफऱ्यात पण मोजती!"

*

बिल्डिंगची मोटर जळली त्या आठवड्यात टँकर आला, पण पाणी वर चढवणार कोण? ज्याचं त्यानं. आधी शोभाताई भाजीची पिशवी घेऊन चढताना सुद्धा प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबायच्या. त्या दिवशी कमरेवर हंडा, दुसऱ्या हातात बादली, आणि बाई सरसर वर! स्वतःचं भरलं, मग कुलकर्णी काकांचं भरलं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. पुरुष मंडळी खाली उभी राहून आधी नंबर कुणाचा यावर चर्चा करत होती.

टँकरवाला बिडी ओढायची विसरून बघत होता. "ताई, कोणत्या तालमीत जाता?"

"जावयाच्या," शोभाताई म्हणाल्या आणि हंडा उचलून गेल्या. टँकरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लई मोठी स्टोरी आहे भाऊ, तू पाणी सोड.

खरा धक्का पुढंच. त्या दिवशी पेन ड्राइव्हमध्ये सुट्टीचा दिवस होता. संध्याकाळी माझे हात वर होईनात, आणि समोरच्या घरातून धप धप आवाज! मी जाऊन बघते तर टीव्ही चालू.

"ताई, आज सुट्टी होती ना? आणि एवढं पाणी भरलं की!"

"मग?" शोभाताई उडी मारता मारताच म्हणाल्या. "पाणी भरलं ते घरकाम. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

मी तिथून घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. आपण एकाच हाडामांसाचे आहोत का, असा मला खरंच प्रश्न पडला.

*

आता हा जो किस्सा आहे तो हसायचा नाही, पण ह्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

पावसाळा कोरडा चालला होता. ढग यायचे, बघून निघून जायचे. आणि तेव्हाच शोभाताईंचा काटा एका जागी अडकला. भाकरी निम्मी केली, गोड बंद केलं, भाभींच्या पुतण्याच्या लग्नात समोर आलेलं नान-खलियाचं, मटणाचं ताट हात जोडून परत पाठवलं. काटा ढिम्म हलेना. इकडं भाऊजी खचत चाललेले. पाय सुजलेले, डायलिसिसहून आले की अंथरुणाला खिळायचे.

एका सकाळी उड्या चालू असतानाच त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"बास शोभा. नको आता हे. मी हाय तसा बरा हाय."

नज्माभाभी ओढणी सारखी करत बसल्या. मी फरशीकडं बघत राहिले. शोभाताई खाली बसल्या आणि आमच्यासमोर ढसाढसा रडल्या. घाम कुठला आणि डोळ्यांतलं पाणी कुठलं, कळत नव्हतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या रडताना दिसल्या.

मग उठल्या. टीव्ही लावला आणि रिमोट भाऊजींच्या हातातून काढून घेतला.

"मी काय बारीक दिसायला उड्या मारते व्हय? तुमचं काम मोजायचं. तेवढंच करा. मोजता का खालच्या काकांना बोलवू?"

भाऊजींनी मान खाली घातली. मग बोट वर केलं. म्हणाले, "एक..."

खरं सांगते, मी बऱ्याच मोठ्या माणसांची भाषणं ऐकलीत. पण एवढा आदर मला कुणाबद्दल वाटला नव्हता. घरी येऊन भाकरी थापताना मी रडत होते. आमचे हे विचारत राहिले काय झालं.

*

काटा हलला, पण हळूहळू. थंडीत त्या परत डॉक्टरांकडं गेल्या, सोबत मी होते. काट्यावर चढायच्या आधी शोभाताईंनी चपला काढल्या, बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, मग केसांच्या पिना काढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, आता केस पण काढता का?"

चढल्या. डॉक्टरांनी काटा बघितला, फाईल बघितली, परत काटा बघितला. "काय केलंत तुम्ही?"

"जावई आणला घरात," शोभाताई म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बरोबर आहे सर.

मग हृदय तपासायला त्यांना त्या पळायच्या पट्ट्यावर चढवलं. आधी सावकाश, मग जोरात, मग चढ. तिथं माणसं दांडी धरून रडकुंडीला येतात म्हणे. मी बाहेर बसून जीव मुठीत धरलेला. एवढं सगळं करून इथं काही निघालं तर? आतून पट्ट्याचा आवाज वाढत वाढत गेला आणि मग एकदम थांबला. मागोमाग भांडण ऐकू आलं!

तिथला तंत्रज्ञ बाहेर डॉक्टरांकडं आला, कपाळाला हात लावलेला. "सर, थांबवा म्हणून ओरडणारे रोज येतात. बंद का केलं म्हणून भांडणारी ही पहिलीच! म्हणतात, अजून एक राहिलंय!"

डॉक्टर कागद हातात घेऊन हसले. मग चष्मा काढून पुसला. "तारीख घेऊ या," म्हणाले.

*

ऑपरेशनच्या दिवसाचं मी सांगत नाही, त्या दिवशीचं मला नीट आठवतही नाही. दोघांना दोन खोल्यांत नेलं आणि दोघं सुखरूप बाहेर आले, एवढं पुरे. शोभाताई आधी घरी आल्या. भाऊजींना यायला वेळ लागला.

ते आले तेव्हा परत उन्हाळ्याचं तोंड. जंतू लागू नयेत म्हणून आत कुणाला जायचं नव्हतं. आम्ही सगळे तोंडाला रुमाल बांधून पॅसेजमध्ये उभे. आक्का सुद्धा वैजापूरहून येऊन उभ्या, आणि कांदे नव्हते! दार सताड उघडं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता भरपूर पाणी प्यायचं. नवीन किडनीला पाणी लागतं, उकळून गार केलेलं. आणि आमच्या नळाला तर कितीतरी दिवसांत टिपूस नव्हता.

कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण सकाळी शोभाताईंच्या दाराशी बघितलं तर नज्माभाभींची कळशी, कुलकर्णी काकांचा पूजेचा तांब्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची किटली, माझा स्टीलचा डबा. सगळं उकळलेलं, गार केलेलं, वर झाकण.

भाऊजी टीव्हीसमोर उभे होते. आम्ही उड्या मारायचो तिथंच. हातात काठोकाठ भरलेला ग्लास. दोन वर्षांत भरलेला ग्लास त्यांनी हातात धरला नव्हता. तोंडाला लावला, चार घोट घेतले आणि थांबले. डोळे लहान पोरासारखे घाबरलेले.

"नाय जात शोभा," म्हणाले. "गळाच विसरलाय."

शोभाताई सोफ्यावर बसलेल्या, पोटाला पट्टा बांधलेला. बरोबर भाऊजी बसायचे त्या जागेवर. त्यांनी एक बोट वर केलं.

"अजून एक."

भाऊजींनी त्या बोटाकडं बघितलं. मग आमच्याकडं बघितलं.

"आग लागो तुझ्या त्या अजून एकला," म्हणाले, आणि ग्लास परत तोंडाला लावला.